चेंडिया ते राजौरी : मेजर रामा राणे यांच्या रस्त्याने नऊ दिवस

परमवीर चक्राची मानपत्रं वाचताना टेकडी, बंकर, संगीन, हातबॉम्ब हे शब्द सारखे येतात. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्या मानपत्रात मात्र सगळ्यात जास्त वेळा येतं ते घड्याळ. सकाळचे अकरा, दुपारचे साडेचार, रात्रीचे दहा, पहाटेचे पावणेपाच. ८ ते ११ एप्रिल १९४८ या चार दिवसांत, भारत-पाकिस्तान युद्ध चालू असताना, जम्मू-काश्मीरमधल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावरचा कुठला अडथळा किती वाजता हटला, याची ती नोंद आहे. म्हणून हा प्रवास त्या मानपत्राची छापील प्रत हातात धरूनच करावा. मोबाइलमधल्या प्रतीवर विसंबू नये. ज्या वळणावर ती उघडाविशी वाटते, नेमकं तिथेच नेटवर्क जातं.

सगळे मिळून नऊ दिवस लागतात. मोसम ऑक्टोबर ते एप्रिलमधला निवडावा. डिसेंबर-जानेवारीत जम्मूकडे दाट धुकं असतं आणि गाड्या तासन्‌तास उशिराने धावतात. पावसाळ्यात डोंगर खचून रस्ता बंद होतो, म्हणून तो टाळायचाच. एप्रिलचा दुसरा आठवडा सर्वात योग्य. तारखाही जुळतात, आणि त्या दिवसांत उजेड किती वाजेपर्यंत टिकतो हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. या मानपत्रात ती गोष्ट फार महत्त्वाची आहे.

दिवस पहिला : कारवार, चेंडिया

कोकण रेल्वेचं कारवार स्टेशन शिरवाडला, म्हणजे गावापासून आत आहे. तिथून रिक्षाने रवींद्रनाथ टागोर समुद्रकिनारा गाठायचा. महामार्गाला लागूनच ‘आयएनएस चपळ’ ही जुनी क्षेपणास्त्रनौका संग्रहालय म्हणून उभी आहे आणि तिच्या शेजारी राणे यांचा पुतळा आहे. तो २००६ मध्ये बसवला. बरेच लोक नौका पाहून, फोटो काढून परत फिरतात. त्यामुळे गाडीवाल्याला आधीच ‘राणेंचा पुतळा’ असं सांगावं.

चेंडिया कारवारच्या दक्षिणेला, अंकोल्याच्या वाटेवर साधारण दहा किलोमीटरवर आहे. वाटेत नौदलाच्या तळाची हद्द लागते. तिथे कॅमेरा बाहेर काढायचा नाही आणि गाडी थांबवायची नाही. राणे यांचं हे मूळ गाव; जन्म २६ जून १९१८ चा. वडील पोलीस शिपाई होते. त्यांच्या बदल्या होत तशा मुलाच्या शाळा बदलत. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचं कोडं सुटतं. आज कर्नाटकात असलेला उत्तर कन्नड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि १९५६ पर्यंत मुंबईकडेच राहिला. कोकणी बोलणारा कारवारी मुलगा लष्कराच्या अभियंता दलातल्या ‘बॉम्बे सॅपर्स’मध्ये कसा, असा प्रश्न त्या काळी कुणाला पडलाच नसता.

गावात पर्यटनस्थळ म्हणावं असं काही शोधू नये. लोकांची घरं आहेत, ती तशीच राहू द्यावीत. समुद्र, खाजण आणि मागचा डोंगर पाहून संध्याकाळपर्यंत कारवारला परत यावं आणि बेळगाव-कोल्हापूरमार्गे पुण्याची रात्रीची बस धरावी.

दिवस दुसरा : खडकी

१० जुलै १९४० रोजी राणे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजेच बॉम्बे सॅपर्समध्ये, भरती झाले. बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं केंद्र पुण्याजवळ खडकीला आहे. ते चालू लष्करी केंद्र असल्यामुळे फाटकावर जाऊन ‘आत बघायचंय’ म्हणून काही होत नाही. आतलं संग्रहालय आणि स्मारक पाहायचं असेल तर काही आठवडे आधी लेखी विनंती, सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि येण्याचं कारण पाठवावं. माजी सैनिक बरोबर असेल तर काम सोपं होतं, पण परवानगी तरीही लागतेच. परवानगी आली नाही तर खडकीतली राष्ट्रकुल युद्ध दफनभूमी पाहावी. ती सर्वांना खुली आहे.

‘सॅपर’ या शब्दाचा अर्थ मात्र इथेच नीट समजून घ्यावा. पूल बांधणं आणि पूल उडवणं, सुरुंग पेरणं आणि सुरुंग काढणं, रस्ता करणं आणि शत्रूचा रस्ता मोडणं ही सगळी एकाच माणसाची कामं. मोडण्याचं शिक्षण ज्याला नीट मिळालं आहे त्यालाच मोडलेलं चटकन वाचता येतं. समोर आडवं पडलेलं झाड पाहून तो आधी विचार करतो की हे झाड मी पाडलं असतं तर सुरुंग कुठे ठेवला असता.

राणे यांनी ब्रह्मदेशातल्या आघाडीवर २६ व्या इन्फंट्री डिव्हिजनसोबत काम केलं. बुथिडाँगच्या माघारीत लष्करी सामान शत्रूच्या हाती लागू नये म्हणून मागे राहून ते नष्ट करणाऱ्या तुकडीत ते होते. तिथून जपानी गस्तीच्या मधून वाट काढत त्यांना आपल्या फौजेकडे परतावं लागलं. ते शिपायापासून वर चढत गेले आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला.

इथे वाचणाऱ्यांची हमखास गल्लत होते. ‘सेकंड लेफ्टनंट’ म्हटलं की नुकताच प्रबोधिनीतून बाहेर पडलेला एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा डोळ्यांपुढे येतो. ८ एप्रिल १९४८ ला राणे यांच्या खांद्यावरचा तो एक तारा चार महिन्यांचाही नव्हता हे खरं. पण वय तिशीला टेकलं होतं आणि सेवा पावणेआठ वर्षांची झाली होती, त्यातही युद्धाचा अनुभव होता. पुढच्या चार दिवसांत त्यांच्या हातून जे घडलं त्यामागे ही पावणेआठ वर्षं आहेत. हे न सांगता फक्त धाडस सांगितलं तर त्यांच्यातल्या कारागिरावर अन्याय होतो.

संध्याकाळी पुण्याहून झेलम एक्स्प्रेस.

दिवस तिसरा : गाडीत

झेलम एक्स्प्रेस मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी, दिल्ली, अंबाला, पठाणकोट अशी जाते. दोन रात्री गाडीत निघतात. महाराष्ट्रातल्या फौजी घरांना ही गाडी पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आरक्षण लवकर भरतं, म्हणून दोन महिने आधी काढून ठेवावं. पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच निघणार असाल तर गाडी जम्मूपर्यंत धावते आहे की अलीकडेच थांबते आहे हे निघण्याआधी पाहून घ्यावं.

गाडीतल्या रिकाम्या दिवसात नकाशावर तीन घोटाळे सोडवून ठेवावेत, नाहीतर पुढे पस्तावायची वेळ येते. पहिला नौशेराचा. याच नावाचं एक मोठं गाव पाकिस्तानात पेशावरजवळ आहे आणि श्रीनगरमध्येही नौशेरा भाग आहे. आपल्याला हवा तो राजौरी जिल्ह्यातला तालुका. दुसरा तवीचा. जम्मू शहरातून वाहते ती तवी वेगळी आणि राजौरीकडून नौशेऱ्याकडे येते ती मनावर तवी वेगळी. राणे यांच्या मानपत्रातलं नदीपात्र या दुसऱ्या तवीचं. तिसरा घोटाळा नावांचा. नौशेऱ्याच्या बचावात तैनधार इथे ६ फेब्रुवारी १९४८ ला धारातीर्थी पडलेले १ राजपूतचे नायक जदुनाथ सिंह हे परमवीर चक्राचे मानकरी. राजौरीच्या मोहिमेत १९ इन्फंट्री ब्रिगेडचं नेतृत्व करणारे ब्रिगेडियर यदुनाथ सिंह वेगळे. इंग्रजीत दोन्ही नावं जवळपास सारखीच लिहिलेली दिसतात.

दिवस चौथा : जम्मू

सकाळी उतरलं की तीन कामं. पहिलं मोबाइलचं. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिमकार्ड चालत नाही, पोस्टपेड चालतं. चौघांच्या गटात निदान दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांचं पोस्टपेड असावं. दुसरं ओळखपत्राचं. आधार किंवा मतदार ओळखपत्राची मूळ प्रत खिशातच हवी, बॅगेच्या तळाशी नको. नाक्यांवर वारंवार दाखवावी लागते. तिसरं गाडीचं. राजौरीच्या रस्त्यावर नेहमी जाणारा स्थानिक चालक घ्यावा आणि ‘थांबत थांबत जायचंय, दोन मुक्काम आहेत’ हे आधीच बोलून ठेवावं. नाहीतर तो जम्मू-राजौरी एका दमात नेतो आणि पाहायचं सगळं खिडकीतून निघून जातं.

माजी सैनिकांसाठी शहरात सैनिक विश्रामगृहाची सोय असते. खोली आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नये. आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून फोन नंबर आणि पद्धत विचारून घ्यावी. ड्रोन सोबत आणूच नये.

दिवस पाचवा : अखनूर, सुंदरबनी, नौशेरा

जम्मू ते राजौरी सुमारे दीडशे किलोमीटर आहे. राष्ट्रीय महामार्ग १४४-ए हाच. सुमारे तीस किलोमीटरवर अखनूर आणि चिनाब नदी लागते. नदीकाठच्या जिया पोता घाटावर १८२२ मध्ये रणजितसिंहांनी गुलाबसिंहांना जम्मूचा राजतिलक केला. पुलाचे फोटो काढू नयेत. या रस्त्यावरच्या कुठल्याच पुलाचे काढू नयेत. चिनाबवरचा हा पूल हातचा गेला तर पलीकडचा सगळा मुलूख तुटतो, आणि १९६५ मध्ये छांबवर पाकिस्तानी हल्ला झाला तेव्हा त्याची नजर याच अखनूरवर होती.

अखनूरनंतर सपाटी संपते. चौकी चौरा, सुंदरबनी अशी गावं लागत रस्ता चढ-उतार करत जातो आणि चीडची झाडं दिसू लागतात. चीड म्हणजे लांब सुया असलेला पाइन. खोड सरळ, साल जाड आणि खवल्यांची, हात लावला की राळ चिकटते. उतरून एका झाडाला दोन्ही हातांनी मिठी मारून पाहावी. चांगल्या वाढलेल्या झाडाला हात पुरत नाहीत. उद्याच्या मानपत्रात ‘पाच मोठी पाइनची झाडं’ असं येणार आहे, तेव्हा हे माप अंगाला माहीत असलेलं बरं.

सीमा सडक संघटनेचं रुंदीकरण आणि बोगद्यांचं काम या मार्गावर मोठ्या प्रमाणात झालं आहे. नौशेऱ्याचा बोगदा त्यातलाच. प्रवास सुखाचा झाला, पण जुनी वळणं काही ठिकाणी बाजूला पडली. दुपारी सुंदरबनीच्या आसपास राजमा-भात खाऊन संध्याकाळच्या आत नौशेरा गाठावं. रात्रीचा प्रवास करू नये.

नौशेऱ्यात ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांचं नाव अजून घरोघरी आहे. त्यांच्या ५० पॅरा ब्रिगेडने १८ मार्च १९४८ ला झांगर परत घेतलं. झांगर हातून गेल्यावर ते परत मिळेपर्यंत खाटेवर झोपणार नाही असा त्यांचा पण होता. त्या ब्रिगेडमध्ये तेव्हाची मराठ्यांची ३ पॅरा बटालियन होती. झांगरचा रणसन्मान तिच्याकडे आहे. ३ जुलैला झांगरलाच उस्मान मारले गेले. झांगर नियंत्रण रेषेला अगदी लागून असल्याने तिथे जायचं की नाही हे लष्कर आणि पोलीस ठरवतात. नाही म्हणाले की विषय तिथेच संपवावा. या पट्ट्यात तणाव वाढायला वेळ लागत नाही. मे २०२५ मध्ये राजौरी शहरावरही तोफमारा झाला.

दिवस सहावा : बरवालीची धार

या प्रवासाचा गाभा हा दिवस. सकाळी लवकर निघावं, अंतर जेमतेम काही किलोमीटरच कापायचं आहे.

झांगर घेतल्यावर पुढचं लक्ष्य राजौरी होतं. शहर नोव्हेंबर १९४७ पासून हल्लेखोरांच्या ताब्यात होतं. चौथी डोगरा पलटण पुढे, सोबत सेंट्रल इंडिया हॉर्सचे स्टुअर्ट रणगाडे, आणि रणगाड्यांना वाट करून द्यायला ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची राणे यांची तुकडी. बरवालीची धार नौशेऱ्याच्या उत्तरेला सुमारे अकरा किलोमीटरवर आहे. मानपत्रात ‘मैल २६’ असं ठिकाण दिलं आहे. तो मैलाच्या दगडाचा आकडा आहे. बरेच जण ‘सव्वीस मैलांचा रस्ता साफ केला’ असं लिहितात, ते चूक. तो दगड आज शोधू नये; दगड किलोमीटरचे झाले आणि रस्ताही सरकला. शोधायचं ते रूप : एका अंगाला उंच धार, दुसऱ्या अंगाला खाली तवीचं पात्र, आणि मधून डोंगराच्या कडेने वळत जाणारा रस्ता. स्थानिक माणसाला ‘बरवाली’ म्हटलं की तो हाताने दाखवतो.

गाडी सुरक्षित जागी रुंद वळणावर लावून मानपत्र उघडावं.

८ एप्रिल, सकाळी अकरा. नाडपूर साउथजवळ राणे आणि त्यांची माणसं रणगाड्यांपाशी कामाला सुरुवात करायच्या तयारीत उभी होती. उखळी तोफांचा मारा सुरू झाला. तुकडीतले दोघे जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. पुढचं सगळं काम जखमी माणसाचं आहे हे विसरू नये. त्यांनी तुकडी पुन्हा लावून घेतली आणि काम सुरू केलं.

सुरुंग काढण्याची साधी हत्यारं म्हणजे शोधयंत्र, अणकुचीदार टोचणी, खुणेची पांढरी फीत आणि लांब दोरी. शोधयंत्र धातूवर बोलतं. पण जिथे नुकताच तोफमारा झाला आहे तिथे जमिनीत लोखंडाचे तुकडे विखुरलेले असतात आणि यंत्र प्रत्येक तुकड्यावर बोलतं. मग पोटावर पडून टोचणीने शोधावं लागतं. टोचणी उभी खुपसायची नसते. जमिनीशी साधारण तीस अंशांत तिरपी सरकवायची, म्हणजे टोक सुरुंगाच्या कुशीला लागतं, वरच्या दाबपट्टीला लागत नाही. दोन-दोन इंच सरकत हेच पुन्हा पुन्हा करायचं. सुरुंग सापडला की माती हाताने बाजूला करून तळाशी दुसरा सापळा जोडला आहे का ते पाहायचं. शंका असली की दोरी अडकवून, लांब जाऊन, आडोशाने ओढायचा. रणगाडाविरोधी सुरुंग माणसाच्या वजनाने सहसा फुटत नाही, म्हणून त्याच्या आजूबाजूला माणसाला मारणारे छोटे सुरुंग ठेवलेले असतात. शांत मैदानात हे काम जितकं हळू होतं, ते मशिनगन चालू असताना तितक्याच हळू करावं लागतं. घाई केली की माणूस गेला आणि उशीर केला की मागे उभे रणगाडे तोफांचं लक्ष्य झाले.

दुपारी साडेचारच्या सुमारास डोगरांनी धार घेतली. शत्रू अजून आसपास आहे हे ठाऊक असताना राणे पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणाचा कच्चा रस्ता काढू लागले. रात्री दहापर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा सुरुवात, दुपारी तीनला रस्ता तयार. म्हणजे एका वळणरस्त्याला साडेचौदा तास. स्टुअर्ट हा हलका रणगाडा मानला जातो, तरी त्याचं वजन चौदा-पंधरा टन. डोंगराच्या कडेचा भराव त्याच्या बाहेरच्या पट्ट्याखाली ढासळतो, म्हणून आतल्या बाजूचा डोंगर खणूनच रुंदी काढावी लागते. वरून दगड घसरतात, खणलेली माती टाकायला खाली उघड्यावर यावं लागतं, आणि उघड्यावर आलं की समोरच्या टेकडीवरून दिसतं.

९ एप्रिलला तीननंतर स्तंभ, म्हणजे रणगाड्यांचा ताफा, हलला. राणे सर्वांत पुढच्या कॅरियरमध्ये, म्हणजे हलक्या चिलखती गाडीत, बसले. सुरुंगांच्या रस्त्यावर पहिल्या गाडीत बसणं म्हणजे काय हे कुठल्याही फौजी चालकाला विचारावं. अर्ध्या मैलावर पाइनची झाडं आडवी. उतरले, स्फोटकं लावून उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पाचच्या सुमाराला उडवलेली मोरी. तिथे मशिनगन सुरू झाली. तरी बाजूने वाट काढून स्तंभ पुढे नेला.

झाड स्फोटकाने तोडायचं म्हणजे स्फोटक खोडाला घट्ट आवळून बांधावं लागतं. मध्ये फट राहिली की जोर हवेत जातो आणि खोड चिरफाळतं पण तुटत नाही. मग पुन्हा जाऊन दुसऱ्यांदा बांधायचं. वात साधारण फुटाला अर्धा मिनिट जळते. आडोसा किती लांब आहे ते पाहून लांबी ठरते. आणि तुटलं म्हणजे संपलं असंही नसतं. फांद्यांच्या जाळ्यात सुरुंग दडवलेले असू शकतात, म्हणून तुकडे हाताने उचलायचे नाहीत, दोरीने किंवा गाडीने ओढायचे.

संध्याकाळी सव्वासहा. उजेड जायला लागला. समोर पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग, वर मशिनगनचा पहारा. राणे सुरुंग काढायला लागलेही होते. स्तंभाच्या कमांडरने परिस्थिती पाहून गाड्या रात्रीच्या तळाला घेतल्या. एप्रिलमध्ये गेलात तर नेमक्या या वेळी तिथे उभं राहता येतं. डोंगराची सावली रस्त्यावर आलेली असते आणि झाडाखालची जमीन धड दिसत नाही. कमांडरचा निर्णय बरोबर होता हे तेव्हा पटतं.

पण अंधार व्हायच्या आत नौशेऱ्याला परतायचं.

दिवस सातवा : चिंगस, राजौरी

१० एप्रिल, पहाटे ४.४५. रणगाड्यांच्या एका ट्रूपची, म्हणजे छोट्या तुकडीची, साथ घेऊन राणे त्याच पाच झाडांपाशी परत आले. साडेसहाला अडथळा साफ. पुढचे हजार यार्ड तर अडथळ्यांनी आणि उडवलेल्या भरावांनी भरलेले होते. साडेदहाला तेही मोकळे. हिशोब करून पाहावा : हजार यार्ड म्हणजे सुमारे ९१४ मीटर, वेळ चार तास, वेग ताशी सव्वादोनशे मीटर. आजची गाडी तेवढं अंतर दीड-दोन मिनिटांत मागे टाकते. म्हणून चालकाला एक किलोमीटरभर अगदी सावकाश जायला सांगावं, मागून येणाऱ्या वाहतुकीला वाट देत.

या मोहिमेबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली जाते, जी मानपत्रात नाही. गोळीबाराखालचा रस्ता ओलांडताना राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरून त्याच्याबरोबर सरपटत पुढे गेले. चालकाला खुणा द्यायला दोन दोऱ्या होत्या, एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. दोन्ही बाजूंना फिरणारे लोखंडी पट्टे आणि वर हातभर जागा.

साडेदहानंतर रणगाडे रस्ता सोडून तवीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोहोचले. बहुतेक वर्णनं इथे संपतात, आणि सॅपरचं काम नेमकं इथे सुरू होतं. रणगाड्याचे पट्टे गोट्यांवरून जातात, ट्रकची चाकं जात नाहीत. रणगाड्यामागून पेट्रोल, दारूगोळा, शिधा आणि जखमींच्या गाड्या आल्या नाहीत तर पुढे गेलेला रणगाडा दुसऱ्या दिवशी नुसतं लोखंड होतो. राणे रस्त्यावरच राहिले. त्या रात्री नऊपर्यंत, अन्न आणि विश्रांतीशिवाय. ११ ला सकाळी सहाला पुन्हा, आणि अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला. रणगाडे पोहोचले त्यानंतर एकवीस तासांनी. त्याही रात्री दहापर्यंत ते पुढचा रस्ता साफ करत होते.

चिंगसला रस्त्यालगत मुघलांची सराई आहे, तिथे तासभर थांबावं. १६२७ मध्ये काश्मीरहून परतताना जहांगीर वाटेत मरण पावला. मृत्यूची बातमी फुटू नये म्हणून त्याची आतडी काढून इथे पुरली आणि देह लाहोरला नेला. फारसीत चिंगस म्हणजे आतडी, असं सांगतात. मुघलांच्या हत्तींचाही मार्ग हाच होता. या डोंगरांतून दुसरी सोयीची वाट नसल्यामुळे शत्रूलाही अडथळे नेमके कुठे घालायचे ते ठाऊक होतं.

१२ एप्रिलला राजौरी घेतलं. मुक्काम शहरात करावा. उन्हाळ्याच्या तोंडावरही रात्री गारवा असतो, एक स्वेटर जवळ ठेवावा. १३ एप्रिलला इथे राजौरी दिवस पाळतात. नोव्हेंबर १९४७ मध्ये शहरात झालेल्या कत्तलीचं स्मारक म्हणजे बलिदान भवन. तिथे जाताना आवाज खाली ठेवावा. शहरातल्या कित्येक घरांची माणसं त्यात गेलेली आहेत. एक दिवस लवकर पोहोचणं इथे किती मोलाचं होतं हे त्या भवनात उभं राहिल्यावर कळतं.

दिवस आठवा : परत जम्मू

सकाळी लवकर निघालं की दुपारी जम्मू. उतरताना नदीच्या बाजूची खिडकी धरावी. जाताना जे फक्त उजवं-डावं वळण वाटलं होतं ते आता वरून पात्रासकट दिसतं आणि रणगाडे कुठून खाली उतरू शकले असतील याचा अंदाज येतो. जम्मूत कळाडी खायला विसरू नये. तव्यावर स्वतःच्याच तुपात भाजलेलं हे डोगरी चीज गरम असतानाच खायचं. रात्रीची दिल्लीची गाडी.

दिवस नववा : दिल्ली

इंडिया गेटजवळचं राष्ट्रीय युद्ध स्मारक फेब्रुवारी २०१९ मध्ये खुलं झालं. प्रवेश विनामूल्य. अमर, वीरता, त्याग आणि रक्षक अशी चार चक्रं एकात एक आहेत. त्याग चक्राच्या भिंतींवर धारातीर्थी पडलेल्यांची नावं आहेत आणि अनेक मराठी कुटुंबं तिथे राणे यांचं नाव शोधत फिरतात. ते तिथे नाही. राणे जिवंत परतले. परमवीर चक्राच्या पहिल्या पाच मानकऱ्यांपैकी हयात दोघेच होते, राणे आणि लान्स नायक करम सिंह. राणे यांचं परमवीर चक्र २१ जून १९५० च्या राजपत्रात जाहीर झालं. ते अठ्ठावीस वर्षं सेवा करून १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि जुलै १९९४ मध्ये पुण्यात वारले. शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव होतं, आणि जानेवारी २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटालाही दिलं गेलं. दिल्लीत त्यांना पाहायचं असेल तर शेजारच्या परम योद्धा स्थळावर जावं. तिथे एकवीस मानकऱ्यांचे कांस्य अर्धपुतळे आहेत, त्यांत राणे आहेत.

त्याग चक्रात मात्र परत यावं. ८ एप्रिलच्या सकाळी नाडपूरजवळ उखळी माऱ्यात गेलेल्या राणे यांच्या दोन माणसांची नावं मानपत्रात दिलेली नाहीत. १९४७-४८ च्या मोहिमेतल्या नावांत बॉम्बे इंजिनिअर्सचे जवान शोधावेत. भिंत मोठी आहे, अक्षरं लहान आहेत, दुपारच्या उन्हात ग्रॅनाइट तापतो. सकाळी गेलं तर शोधायला पुरेसा वेळ मिळतो.